नेरोली (नारिंगफुलांचा सुगंध)

नेरोली : कडू नारिंगाच्या (सिट्रस ऑरँशियम) ताज्या फुलांचे पाण्याबरोबर ऊर्ध्वपातन करून मिळणारे बाष्पनशील तेल. तेल ताजे असताना फिकट पिवळे असते. हवा व उजेड लागल्यास ते तांबूस होत जाते. त्यात लिनॅलूल, लिनॅलिल ॲसिटेट, लिमोनीन व बीटा-पायनीन ही द्रव्ये प्रामुख्याने असून फुलांचा विशिष्ट दरवळ येण्यास मिथिल अँथ्रॅनिलेट हे अत्यल्प प्रमाणातील द्रव्य बरेचसे कारणीभूत असते. सुमारे १,००० किग्रॅ. फुलांपासून साधारणतः १ किग्रॅ. तेल मिळते. ऊर्ध्वपातनात तेलाखाली जे पाणी उरते तेही सुगंधी असते व नारिंगपुष्पजल म्हणून वापरले जाते. त्याच झाडाची पाने व कोवळ्या डहाळ्या यांपासून मिळणाऱ्या तेलास पेटिटग्रेन म्हणतात. गोड संत्र्याच्या फुलांपासून निघणाऱ्या तेलास व्यापारात ‘नेरोली पोर्तुगाल’ असे नाव असून ते कमी प्रतीचे समजतात. नेरोलीचा वास हलका, किंचित आंबटसर व फुलांसारखा गोड असतो. त्यातील मुख्य घटक लवकर उडून जातात. त्यामुळे अंगावर लावलेली नेरोली थोड्याच वेळात ओसरते आणि उष्ण हवेत तर फारच लवकर. या एका गुणधर्माशी तिच्या वापराचा बराचसा इतिहास निगडित आहे.

नारिंगाचे झाड व त्याचे नाव ही दोन्ही पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली. संस्कृत ‘नारंग’ हा शब्द द्राविडी मूळाचा असावा, असे भाषाभ्यासकांचे मत आहे. त्यावरून फार्सीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’ व स्पॅनिशमध्ये ‘नारांहा’ अशी रूपे झाली. या प्रवासाचा एक साक्षीदार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येऊन गेलेला आहे. अल्-मसूदी (मृ. ९५६) हा अरब प्रवासी व इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, कोकणातील चौल (त्याच्या ग्रंथातील ‘सैमूर’) येथे होता. आपल्या ग्रंथात तो सांगतो, की नारिंग व वाटोळे महाळुंग ही झाडे हिजरी ३०० नंतर हिंदुस्थानातून आणण्यात आली. ती प्रथम ओमानमध्ये लावली गेली व तेथून बसरा, इराक व सिरिया या प्रदेशांत पसरली. मात्र मूळ भूमीतील हवा, माती व पाणी न लाभल्यामुळे त्यांचा हिंदुस्थानातील तीव्र सुगंध तेथे राहिला नाही. ज्या झाडाच्या फुलांचा अर्क पुढे भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांचे वैभव ठरला, त्या झाडाविषयी दहाव्या शतकातील जाणत्या माणसाची ही तक्रार होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

भारतात मात्र प्राचीन काळी नारिंगाच्या फुलाला सुगंधी द्रव्य म्हणून महत्त्वाचे स्थान होते असे दिसत नाही. लिंबूवर्गापैकी महाळुंगाची साल नागरकाच्या शय्येजवळ ठेवावी, असे वात्स्यायनाने कामसूत्रात सांगितले आहे. पण ती मुखशुद्धीसाठी. वराहमिहिराने बृहत्संहितेतील गंधयुक्ती-प्रकरणात सोळा द्रव्यांतून निरनिराळ्या प्रमाणांत चार-चार घेऊन १,७४,७२० गंध कसे सिद्ध होतात याचे गणित मांडले आहे. या पद्धतीचा भर वाळा, अगरू, तगर, कापूर यांसारख्या टिकाऊ मुळ्या, लाकडे व राळा यांवर होता. फुलांचा वास धरून ठेवण्याची रूढ रीत म्हणजे तिळांवर ताज्या फुलांचे थर देऊन, वास मुरल्यावर ते तीळ गाळून फुलेल काढणे. मोगरा, जाई, चमेली यांना ही रीत मानवते. नारिंगाच्या फुलाचे खरे मोल ऊर्ध्वपातनाने कळते, आणि ती कला सुगंधासाठी सर्रास वापरात येण्यास पुढील काळ यावा लागला.

दख्खनमधील सुगंधविद्येचा उत्तम पुरावा कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातून मिळतो. कल्याणी म्हणजे कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. ते बीड जिल्ह्याच्या आग्नेयेस आहे. तिसरा सोमेश्वर (कार. सु. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये विलेपन, माल्य व धूप यांना स्वतंत्र प्रकरणे असून कोणत्या ऋतूत कोणता लेप अंगास लावावा याचाही विचार आहे. अंगावरचा सुगंध ऋतूप्रमाणे हलका वा जड असावा ही कल्पना म्हणजे पश्चिमेकडून आलेली नवलाई नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. याहून मराठी वाचकाला जवळचा पुरावा म्हणजे गंधवाद हा अज्ञातकर्तृक ग्रंथ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा गंधसार व त्यासोबतचा गंधवाद या दोन ग्रंथांचे हस्तलिखित १९४० नंतरच्या दशकात अभ्यासकांच्या नजरेस आणले. बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने १९८९ मध्ये ते छापून प्रसिद्ध केले. गंधवादावर मराठी टीका आहे. सुगंधी द्रव्यांच्या कृती कोणाला तरी मराठीत समजावून द्याव्या लागत होत्या, म्हणजे त्या करणारे हात संस्कृत पंडितांचे नव्हते, एवढे अनुमान तीवरून निश्चित काढता येते. दुकानदार आणि कारागीर यांच्या विद्येचे इतके जुने मराठी लेखन इतर धंद्यांच्या बाबतीत क्वचितच हाती लागते.

नारिंगाच्या फुलाचा अर्क हिंदुस्थानात परतला तो फार्सी संस्कृतीबरोबर. फार्सीत ‘बहार’ म्हणजे वसंत, फुलोरा आणि विशेषेकरून नारिंगाचा फुलोरा. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत बादशाही सुगंधखान्यातील द्रव्यांच्या यादीत गुलाबपाण्याच्या जोडीला ‘अर्क-इ-बहार’ आढळतो. गुलाबाचे अत्तर प्रथम नूरजहानच्या आईने काढले, असे जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. त्याच सुमारास विजापूरला दुसरा इब्राहिम आदिलशाह (कार. १५८०–१६२७) याच्यासाठी निजामुद्दीन महमूद याने इत्र-इ-नौरसशाही हा केवळ सुगंधावरचा फार्सी ग्रंथ रचला. देह, वस्त्र, शय्या व दालन यांना कोणत्या वासाने भारून टाकावे, याचा दख्खनच्या दरबाराने किती सूक्ष्म विचार केला होता ते या ग्रंथावरून दिसते. अबीर, अरगजा, चोवा हे शब्द याच मिश्र संस्कृतीतून मराठीत रुळले.

‘बहार’ शब्दाचे पुढे जे झाले ते अधिक मनोरंजक आहे. मराठीत तो सुगंधाच्या दुकानातून बागेत गेला. मोसंबी व संत्री यांच्या बागाईतदाराला बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम : जानेवारी-फेब्रुवारीतील आंबे बहार, जून-जुलैतील मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातील हस्त बहार. बागेचे पाणी तोडून झाडांना ताण द्यावयाचा, पाने गळू लागली की मशागत व खते करून पुन्हा पाणी सोडावयाचे व एकदम फुलोरा आणावयाचा, या क्रियेस ‘बहार धरणे’ म्हणतात. इराणी सरदाराला ज्या शब्दात वास येत असे, त्यात मराठवाड्याच्या शेतकऱ्याला फळांचा हिशेब दिसतो.

अंगावर सुगंध लावणे ही सर्वांना मोकळी असलेली गोष्ट नव्हती. मनुस्मृतीने ब्रह्मचाऱ्याला मध व मांस यांबरोबरच गंध व माल्य वर्ज्य केले आहे. स्कंदपुराणाच्या काशीखंडाने विधवेला सुगंधी द्रव्यांचा उपभोग निषिद्ध ठरविला, आणि हा निषेध महाराष्ट्रातील वरच्या जातींत एकोणिसाव्या शतकातही कसोशीने पाळला जाई. ज्यांना निषेध नव्हता त्यांनाही सुगंध प्रसंगानेच मिळे. दरबार किंवा लग्नाची बैठक उठताना अत्तर-गुलाब व विडे देण्याची रीत होती. हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीच्या हाताच्या पाठीवर अत्तराचे बोट फिरवून गुलाबदाणीतून पाणी शिंपडीत. पुरुष अत्तराचा फाया कानाच्या पाळीत ठेवीत. म्हणजे अत्तर हे मुख्यतः दुसऱ्याने लावावयाचे, मानाचे द्रव्य होते. त्या मानातून वगळलेल्या विधवेला कपाळी लावण्यास उरे तो बुक्का, आणि हे काळे सुगंधी चूर्ण वारकऱ्याच्या कपाळीही असे. जातीचा वा सौभाग्याचा प्रश्न न विचारता सर्वांच्या कपाळी लागणारा सुगंध मराठी मुलखात बहुधा एवढाच होता.

मुसलमान समाजात सुगंध लावणे हे पैगंबराच्या आचाराला धरून असल्याने शुक्रवारच्या नमाजाला व ईदेला अत्तर लावण्याचा प्रघात सर्व थरांत आहे, आणि अल्कोहॉल नसलेले तेलरूप अत्तरच त्यासाठी पसंत करतात. महाराष्ट्रातील अत्तार ही मुसलमान जमात या धंद्यावरूनच ओळखली जाते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. केज तालुक्यातील नांदूरघाट हे बालाघाटाच्या पठारी भागातील गाव या इतिहासाचे वाटेकरी आहे. या मुलखाला सुगंधाची सवय लागली ती हैदराबादी वळणाची : हिना, गुलाब, वाळा, केवडा व मजमुआ यांची. उरुसात संदलाच्या मिरवणुकीने उगाळलेले चंदन दर्ग्यावर चढते व त्यात हिंदूही सामील होतात. हे सर्व सुगंध जड व चिवट आहेत. कनौजच्या पद्धतीत फुलांची वाफ देगेतून बांबूच्या नळीने भपक्यात उतरते व तेथे ठेवलेल्या चंदनतेलात शोषली जाते. चंदनतेल सावकाश उडते, म्हणून त्यात अडकलेला फुलांचा वासही दिवसभर टिकतो. उन्हात राबणाऱ्या व महिन्यातून एखाद्या वेळी बोटभर अत्तर घेणाऱ्या माणसाला टिकाऊपणा हाच दर्जा वाटला, तर त्यात अरसिकपणा काही नाही.

नेरोली हे नाव युरोपातील. इटलीत रोमजवळ नेरोला नावाचे गाव आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील सरदारपत्नी ॲन-मरी ऑर्सीनी हिने या तेलाने हातमोजे सुगंधित करण्याची चाल पाडली व त्यावरून तेलाला गावाचे नाव मिळाले, अशी परंपरा आहे. पुढे जर्मनीतील कोलोन शहरी स्थायिक झालेल्या योहान मारिया फारिना या इटालियन गंध्याने बर्गमॉट, लिंबू व नारिंग यांची तेले नेरोलीसह मद्यार्कात विरघळवून एक हलके सुगंधी पाणी तयार केले. त्याची पेढी १७०९ मध्ये स्थापन झालेली असून ते पाणी शहराच्या नावाने ‘ओ द कोलोन’ म्हणून जगभर गेले. नेरोलीची क्षणभंगुरता येथे दोष राहिली नाही. मद्यार्क उडताना त्वचा थंड होते, वास भपकन् येतो व जातो, आणि माणूस पुन्हा लावतो. वास मागे राहण्यापेक्षा स्वच्छ झाल्याची जाणीव व्हावी, हे या सुगंधाचे प्रयोजन होते.

ब्रिटिश अमदानीत हे पाणी मुंबईमार्गे मराठी घरांत शिरले, पण वेगळ्याच दाराने. ‘ओडीकोलन’ किंवा ‘कोलनवॉटर’ या नावाने ते पांढरपेशा कुटुंबांच्या औषधांच्या फळीवर जाऊन बसले. ताप चढला की पाण्यात त्याचे थेंब टाकून कपाळावर घड्या ठेवावयाच्या; डोके दुखले किंवा प्रवासात मळमळले तर रुमालावर शिंपडून हुंगावयाचे. मद्यार्कामुळे घडी गार लागे, एवढा त्यात वैद्यकीय आधार होता. मराठी भाषेने या फरकाची अचूक नोंद ठेवली आहे : अत्तर ‘लावतात’, सेंट ‘मारतात’ आणि कोलनवॉटरच्या घड्या ‘ठेवतात’. पहिल्यात मान आहे, दुसऱ्यात किंचित उपहास आहे आणि तिसऱ्यात शुश्रूषा. ज्या विधवेला वा विद्यार्थ्याला अत्तराचे बोट वर्ज्य होते, त्याच्या कपाळावर तापात नारिंगफुलांच्या वासाची घडी ठेवण्यास मात्र निषेध नव्हता, कारण ते औषध होते. अनेक मराठी माणसांच्या मनात हा वास विलासाऐवजी बालपणीच्या आजारपणाशी जोडला गेला तो यामुळे.

हे औषध की प्रसाधन, आणि ते बाळगण्याचा नागरिकाला अधिकार आहे की नाही, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेच न्यायालयात गेला. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी अधिनियमात मद्याची व्याख्या अल्कोहॉलयुक्त कोणताही द्रव पदार्थ कवेत घेईल इतकी विस्तृत होती. परिणामी व्हिस्कीप्रमाणेच ओडीकोलनची बाटलीही कायद्याच्या तडाख्यात सापडली. मुंबईतील एफ. एन. बलसारा यांनी उच्च न्यायालयात अर्ज करून व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बिअर यांबरोबर औषधी वाईन, ओडीकोलन, लॅव्हेंडर वॉटर व अल्कोहॉलयुक्त औषधे बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क मान्य व्हावा अशी मागणी केली. उच्च न्यायालयाने १९५० मध्ये ती अंशतः मान्य केली. अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निर्णय दिला. निकालपत्र न्यायमूर्ती फज्ल अली यांनी लिहिले. पिण्याच्या दारूवरील बंदी न्यायालयाने कायम ठेवली. मात्र औषधी व प्रसाधन द्रवांची खरेदी, विक्री, बाळगणे व वापर यांवरील बंदी ही मालमत्ता धारण करण्याच्या, घटनेच्या अनुच्छेद १९ (१) (च) मधील, हक्कावर अवाजवी निर्बंध घालणारी म्हणून रद्द ठरविली. त्यानंतर १९५२ च्या दुरुस्तीने, मद्य म्हणून पिण्यास अयोग्य अशी प्रसाधने अधिनियमातून वगळण्यात आली.

बलसारा खटला घटनाशास्त्राच्या पुस्तकांत वेगळ्याच कारणांसाठी उद्धृत होतो : राज्याच्या व केंद्राच्या कायदे करण्याच्या अधिकारांची सीमा आणि कायद्यातील अवैध भाग वेगळा काढण्याचे तत्त्व यांसाठी. सुगंधाच्या इतिहासात त्याचे महत्त्व निराळे आहे. स्मृतींपासून दरबारी रिवाजापर्यंत, कोणी सुगंध लावावा हे दुसरे कोणीतरी ठरवीत आले होते. रुमालावर ओडीकोलनचे चार थेंब टाकणे ही नागरिकाच्या हक्काची बाब आहे, असे न्यायालयातून सांगितले गेले ते या खटल्यात. ज्या हक्काच्या आधारे हे घडले तो मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळण्यात आला, हा पुढचा भाग. नांदूरघाट व सर्व मराठवाडा या खटल्याच्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने मुंबईचा हा कायदा तेथे लागू नव्हता. मद्यार्कयुक्त प्रसाधनांवरील उत्पादन शुल्काचा केंद्रीय अधिनियम १९५५ मध्ये झाला आणि वस्तू व सेवा कर आल्यावर २०१७ मध्ये तो निरसित झाला.

खेड्यापर्यंत हा वास पोहोचला तो साबण, पावडर व केशतेल यांतून, आणि तोही बहुतांशी कृत्रिम. मिथिल अँथ्रॅनिलेट प्रयोगशाळेत सहज बनते. नॅप्थॉलपासून तयार होणारी ‘नेरोलिन’ ही स्फटिकरूप द्रव्ये नारिंगफुलांची ढोबळ नक्कल करतात, साबणाच्या क्षारात टिकतात व अगदी स्वस्त पडतात. मुंबईत १९२२ मध्ये स्थापन झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी ही पेढी अशा सुगंधी मिश्रणांच्या व्यवसायातील महत्त्वाचे मराठी नाव होय. तिची वाढ मुलुंड येथे झाली. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागाची स्थापना १९३३ मध्ये झाली. पुढे त्याचीच रसायन तंत्रज्ञान संस्था बनली व सुगंध आणि स्वाद यांचे तंत्रज्ञान तेथे पदव्युत्तर पातळीवर शिकविले जाऊ लागले. खरी नेरोली मात्र ट्युनिशियातील नाबुल, मोरोक्को व ईजिप्त येथूनच मुख्यत्वे येते.

मराठवाड्यात लिंबूवर्गीय फळांची परंपरा जुनी आहे. नागपूरच्या भोसल्यांनी संत्र्याची झाडे औरंगाबादहून नेऊन आपल्या बागेत लावली, असे सांगितले जाते. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही या प्रदेशात फुलांच्या ऊर्ध्वपातनाचा उद्योग उभा राहिला नाही आणि त्याची कारणे पाहिली तर शेतकऱ्याला दोष देता येत नाही. येथील झाड गोड मोसंबीचे, जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून वाढविलेले. त्याच्या फुलांचे तेल उत्तम नेरोली म्हणून विकले जात नाही. कडू नारिंगाच्या फळाला येथे बाजार नाही. उत्तम तेलासाठी फुले उमलताच हाताने खुडून त्याच दिवशी भट्टीवर चढवावी लागतात, आणि ज्याने महिनाभर पाणी तोडून, झाड मरणार नाही इतपतच ताण देऊन फुलोरा आणला, त्याला ते खुडावयास सांगणे म्हणजे वर्षाचे पीक मागणे आहे. पाण्याचीही हमी नाही. २०१२-१३ च्या अवर्षणात मराठवाड्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या व कित्येकांना त्या तोडाव्या लागल्या. झाडावर आलेल्या फुलांपैकी फारच थोडी फळापर्यंत पोहोचतात. बाकीची आपोआप आळ्यात गळतात. गळलेल्या फुलांचा वास लवकर उतरतो, म्हणून ती भट्टीच्या कामाची नसतात. आंबे बहाराच्या दिवसांत मोसंबीच्या बागेत सकाळी जो दरवळ असतो तो ऊन चढेपर्यंत टिकतो.